एकच टँक

माझे सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ३४ वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. साहजिकच त्यांना युद्धपट आवडतात. पडद्यावर रणगाडा आला की ते खुर्चीत पुढे सरकतात आणि त्याच्या पट्ट्यांबद्दल दोन शब्द बोलतात. त्यामुळे फिल्म सोसायटीच्या पत्रकात 'युद्धाच्या छायेत दोन बहिणी' एवढं वाचून मी त्यांना उत्साहाने घेऊन गेलो. माझं चुकलं इतकंच, की मी 'युद्ध' वाचलं आणि 'छाया' सोडून दिली.

सिनेमा होता इंगमार बर्गमनचा 'द सायलेन्स'. १९६३चा, स्वीडिश, कृष्णधवल. प्रास्ताविक करणाऱ्यांनी मात्र अस्सल स्वीडिश उच्चार करत सारखं 'बॅरिमन, बॅरिमन' म्हटलं. अण्णा माझ्या कानाशी लागले, "बर्गमनचा रद्द झाला का हो?"

दिवे गेले. आगगाडीच्या डब्यात दोन बहिणी आणि एक लहान मुलगा. भयंकर उकाडा. कोणी काही बोलत नाही. मुलगा खिडकीला नाक लावतो आणि शेजारच्या रुळांवरून रणगाड्यांनी लादलेली अख्खी मालगाडी जाते. अण्णा पुढे सरकले. "आता बघा, जावईबापू," म्हणाले. मीही बघू लागलो. त्यानंतर बराच वेळ आम्ही एक हॉटेल बघितलं.

थोरली एस्टर आजारी असते, म्हणून मंडळी वाटेतल्या तिमोका नावाच्या शहरात उतरतात. धाकटीचं नाव आन्ना. पडद्यावर तिचं नाव निघालं की शेजारून "अं?" असा आवाज यायचा. इथपर्यंत गंमत होती. पण ही आन्ना नटूनथटून बाहेर पडते आणि एका नाट्यगृहात जाऊन बसते. रंगमंचावर बुटक्या माणसांच्या कसरती चाललेल्या, आणि प्रेक्षागृहात तिच्या जवळच्याच खुर्च्यांवर एक जोडपं... ते पुढे काय करतं हे मी लिहिणार नाही. अण्णा माझे लेख वाचतात.

मी लगेच वाकून चप्पल शोधू लागलो. दोन्ही चपला पायातच होत्या. अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. सासरे आणि जावई शेजारी शेजारी बसलेले असताना असा प्रसंग किती लांबतो, याचं घड्याळ अजून निघालेलं नाही. मान वर केली तर अण्णांचं पुसणं चालूच. त्यांनी चष्मा लावला, पडद्याकडे बघितलं आणि पुन्हा काढला. त्या संध्याकाळी तो चष्मा तीन वेळा स्वच्छ झाला.

सुटका केली ती हॉटेलातल्या म्हाताऱ्या वेटरने. तो बोलायला लागला आणि पडद्याखालची इंग्रजी अक्षरंच गायब झाली. मला बाहेर जायला निमित्त हवंच होतं. तरातरा ऑपरेटरच्या खोलीत गेलो. त्याने मानही वळवली नाही. "ते तसंच आहे सर. दर वेळी कोणीतरी येतंच."

तर ती भाषाच बनवलेली होती. जगात कुठेही बोलली जात नाही. आणि एस्टर व्यवसायाने भाषांतरकार! जिचं पोट भाषांवर चालतं तिलाच तिथे काही कळत नाही, तर इंग्रजी अक्षरांच्या आधाराने लटकलेल्या माझी काय पत्रास? ती अंथरुणात पडल्या पडल्या वेटरला स्वतःचा हात दाखवते आणि याला काय म्हणतात असं विचारते. म्हातारा सांगतो, "कासी." ती लिहून घेते.

"काशी?" अण्णा म्हणाले. मागून कोणीतरी "श्शू" केलं.

हा वेटर मात्र मला मनापासून आवडला. एकटाच जेवायला बसलेला असताना तो सॉसेज हातात नाचवून मुलाला खेळ करून दाखवतो, मग पटकन त्याचा चावा घेतो. पोराला जवळचे जुने फोटो दाखवतो, कोणाच्या तरी अंत्ययात्रेचे. मुलगा ते फोटो नेतो आणि गालिच्याखाली सरकवून टाकतो. का, ते कोणी सांगत नाही. मला मात्र ते कळलं. लहानपणी प्रगतिपुस्तक मीही असंच सतरंजीखाली ठेवलं होतं.

शेवटी रात्री, एका अरुंद रिकाम्या गल्लीत, तो आला. रणगाडा. एकटाच. घरघरत हॉटेलाखाली थांबला. अण्णांनी माझं मनगट धरलं. टँक उभा. आम्ही श्वास रोखलेले. टँक उभाच. मग तो निघून गेला.

"पार्किंग मिळालं नाही बहुतेक," अण्णा म्हणाले.

सिनेमानंतर चर्चा. ती चुकवून निघायचा बेत होता, पण दाराशी चहा ठेवला होता आणि चहासमोर अण्णा हलत नाहीत. एकांनी सांगितलं की 'थ्रू अ ग्लास डार्कली' आणि 'विंटर लाइट'नंतरचा हा तिसरा भाग, आणि विषय देवाचं मौन. मग दुसरे म्हणाले की स्वीडनच्या सेन्सॉरने हा एकही कात्री न लावता सोडला, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि लोकांची झुंबड उडाली. अण्णा पुटपुटले, "हे पत्रकात छापायला काय झालं होतं?"

तेवढं पुटपुटणं सूत्रसंचालकांनी ऐकलं. "आजोबा, तुम्हाला तो टँक कशाचं प्रतीक वाटला?"

अण्णा कप ठेवून उठले. "प्रतीकाचं माहीत नाही. पण इंजिन चालू ठेवून एवढा वेळ उभा करायचा म्हणजे इंधन किती जातं! आणि आतून कोणी बाहेर का आलं नाही?"

सभागृह शांत झालं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने ते वहीत लिहून घेतलं. सूत्रसंचालक हळूच म्हणाले, "वा!" मी दीड तास हनुवटीला हात लावून गंभीर बसलो होतो, मला कोणी काही विचारलं नाही.

रिक्षात अण्णा बोलले नाहीत. घरी सासूबाईंनी विचारलं, "कसा होता लढाईचा पिक्चर?" अण्णा माझ्याकडे बघून फक्त खाकरले. सासूबाई रात्रीच्या गोळ्या घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी तळहात पुढे केला आणि म्हणाले, "कासी."

"आत्ता?" सासूबाई म्हणाल्या. "अहो, थंडीत जाऊ. रिझर्वेशन दोन महिने आधी सुरू होतं."