जलाशय पांढरे केले की पृथ्वी थंड होईल?

जगातले सगळे जलाशय पांढऱ्या चेंडूंनी झाका. ऊन परत आकाशात जाईल, बाष्पीभवन थांबेल, पाणीटंचाई आणि तापमानवाढ दोन्ही मिटतील, असा दावा सध्या खूप फिरतो आहे. सोबत लॉस एंजेलिसच्या जलाशयात ओतल्या जाणाऱ्या चेंडूंचा व्हिडिओ. पाणी वाचावं असं मनापासून वाटतं, म्हणूनच हा दावा नीट तपासायला हवा.

आधी व्हिडिओ. २०१५ पर्यंत तिथे सोडलेले सुमारे ९.६ कोटी चेंडू काळे आहेत. पाण्यातला ब्रोमाइड आणि क्लोरीन यांच्यावर ऊन पडलं की ब्रोमेट तयार होतं आणि त्यापासून कर्करोगाचा धोका संभवतो. ते टाळण्यासाठी पाण्यावर सावली हवी होती. चेंडूंतल्या काजळीमुळे प्लॅस्टिक उन्हात टिकतं. ऊन परतवणं हा हेतू नव्हताच.

'पाणी वाचतं' हे खरं आहे. पण प्लॅस्टिक बनवायलाही पाणी लागतं. २०१८ साली 'नेचर सस्टेनेबिलिटी'त आलेल्या अभ्यासानुसार, तिथल्या दुष्काळाच्या काळात वाचलेल्या पाण्यापेक्षा चेंडू बनवण्यात जास्त पाणी खर्ची पडलं असावं. चेंडू काही वर्षं टिकले तरच हिशेब जुळतो.

आता 'पृथ्वी थंड होईल'. मानवनिर्मित जलाशय सढळ हाताने ५ लाख चौरस किलोमीटर धरू. पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी, म्हणजे हा वाटा जेमतेम ०.१ टक्का. उघडं पाणी साधारण ६ टक्के ऊन परतवतं, पांढरं आच्छादन ८० टक्के परतवेल असं मानू. पृष्ठभागावर पोहोचणारं ऊन वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरला सुमारे १८५ वॅट असतं. म्हणजे झाकलेल्या जागी १४० वॅटच्या आसपास जास्त परत जाईल, पण पृथ्वीभर वाटलं तर दर चौरस मीटरला फक्त ०.१४ वॅट. औद्योगिक क्रांतीपासून वाढलेल्या एकट्या कार्बन डायऑक्साइडचा ताप २ वॅटहून अधिक आहे. यातही परत जाताना ढग आणि हवा वाटेत अडवतील ते ऊन मी वजा केलेलं नाही.

यावर उत्तर येतं, 'मग आकाशातच ऊन अडवा, पाणी आपोआप वाचेल.' हे मला सर्वांत धोक्याचं वाटतं. १९९१ साली फिलिपाइन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वायू वर फेकला आणि त्यापासून बनलेल्या धूसर थराने ऊन अडवलं. जग सुमारे अर्धा अंश थंड झालं खरं, पण पुढच्या वर्षी जमिनीवरचा पाऊस आणि नद्यांचा प्रवाहही लक्षणीय घटला. एका तळ्यापुरतं बाष्पीभवन म्हणजे तोटा. जगासाठी तेच पावसाचं मूळ आहे. ऊन कमी केलं की वाफ कमी होते, आणि वाफेबरोबर पाऊसही.

आच्छादनं निरुपयोगी आहेत असं मुळीच नाही. गुजरातमध्ये नर्मदेच्या कालव्यावर २०१२ साली सौरपॅनेल बसवले. ते उन्हाची वीज करतात आणि खालच्या पाण्यावर सावली धरतात. व्हिडिओ जरूर पाठवा, पण 'तापमानवाढ मिटेल' ही ओळ खोडून.