‘झपाटलेला २’: एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘झपाटलेला २’वरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलीच हजेरी घेतलीत. लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, गेल्यावर हा सिनेमा काढणं म्हणजे त्याच्या नावावर गल्ला भरणं, थ्रीडी म्हणजे नुसती चमकोगिरी, आणि मी ‘मेहनत दिसते’ म्हणून सगळ्यांना पाठीशी घातलं, असं तुमचं म्हणणं. उत्तर जरा ऐसपैस देतो.

थ्रीडीचं आधी उरकतो. दिग्दर्शक महेश कोठारेंचा हा सोस जुना आहे. १९९० सालचा ‘धडाकेबाज’ मराठीतला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा सिनेमा, आणि वर त्यात बाटलीतला एवढासा गंगाराम! त्यामुळे २०१३च्या जूनमध्ये मराठीतला पहिला थ्रीडी सिनेमाही त्यांनीच आणला, यात नवल कसलं? माझी कुरकुर वेगळीच आहे. त्या चष्म्यातून पडदा काळवंडतो, आणि तात्या विंचू, म्हणजे गुंडाचा आत्मा शिरलेला तो बाहुला, तर अंधारातलं प्रकरण. त्याची उडणारी भुवई, गरकन फिरणारे डोळे हेच नीट दिसणार नसेल, तर तो नाकासमोर येऊन काय उपयोग? बाहुला अंगावर आला की माणूस एकदा दचकतो, फार तर दोनदा. हसत नाही.

गल्ल्याचं मात्र मला पटत नाही. पहिला ‘झपाटलेला’ १९९३चा. तवा गरम असताना पोळी भाजून घ्यायची असती, तर लक्ष्या हयात असताना, पुढच्या वर्षा-दोन वर्षांत दुसरा भाग आला असता. तो आला वीस वर्षांनी, लक्ष्मीकांत बेर्डे जाऊनही आठ-नऊ वर्षं झाल्यावर. आणि लक्ष्याच्या जागी दुसरा लक्ष्या उभा केला नाही, कथेतल्या लक्ष्याचा मुलगा आणला. ती भूमिका करणाऱ्या आदिनाथ कोठारेला ते ओझं पेललं का, यावर आपण भांडू शकतो.

आता खरा मुद्दा. बोलक्या बाहुल्यांचे कलाकार रामदास पाध्यांचा बाहुला तोच, दिलीप प्रभावळकरांचा आवाज तोच, तरी पहिल्यासारखी मजा येत नाही. का? तुम्ही म्हणता, लक्ष्या नाही म्हणून. मला हे अर्धंच पटतं. पहिल्या भागात लक्ष्या स्वतःच बोलक्या बाहुल्यांचे खेळ करतो. म्हणजे तात्या तोंड उघडून बोलला, तरी लोकांना वाटणार हाच बोलतोय! मूळ कल्पना १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या इंग्रजी सिनेमावरून आली हे जगजाहीर आहे, पण तिथे बाहुला जिवंत आहे असं सांगणाऱ्या लहान पोराचं कुणी ऐकत नाही. इथे ज्या कलेवर लक्ष्याचं पोट, तीच त्याच्यावर उलटते. ही गाठ आपल्याकडची. १९१६पासून पाध्यांच्या घरात असलेला बोलका बाहुला अर्धवटराव ज्यांनी पाहिलाय, त्यांना ती समजावून सांगावी लागली नाही.

लक्ष्याने त्यात काय केलंय ते एकदा आवाज बंद करून बघा. बाहुल्याचं वजन ते किती! त्याने गळा धरला, तर झटापट नटाच्याच मानेतून, डोळ्यांतून, लटपटणाऱ्या पायांतून दिसायला हवी. लक्ष्या स्वतःचाच गळा आवळून घेतो, आणि आपल्याला वाटतं तात्या आवळतोय.

दुसऱ्या भागापर्यंत तात्याचा मंत्र पोराटोरांना पाठ झालेला. बाहुला जिवंत आहे हे थिएटरात आधीच सगळ्यांना ठाऊक. मग कथेत कुणी अविश्वास दाखवला, तरी त्याची गंमत कशी यावी? मकरंद अनासपुरे हशा घेतात, पण तो त्यांच्या बोलण्याचा हशा, तात्याशी त्याचा फारसा संबंध नाही. इथे पटकथेने काहीतरी नवं रचायला हवं होतं. समजा, तात्या आता सगळ्यांचा लाडका आहे, जत्रेत त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग लागलीय, आणि तो खराखुरा धमकी देतोय तर लोक टाळ्या पिटतायत. लक्ष्याशिवायही हे जमलं असतं.

‘मेहनत दिसते’ हे वाक्य मात्र मी मागे घेणार नाही. बोलका बाहुला चालवणाऱ्याचा हात लपवायचा म्हणजे कॅमेरा कुठे ठेवायचा, चौकट किती आवळायची, यावर बंधनं येतात. थ्रीडीत डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी वेगवेगळी चित्रं, त्यामुळे लपवालपवीही दोनदा. हे मराठी सिनेमाच्या पैशात करून दाखवलं, याला मी मेहनतच म्हणणार. तुमचे तिकिटाचे पैसे वसूल झाले नाहीत, ही तक्रार वेगळी, आणि ती मला मान्य आहे.