कागद कशाला हवा, हे विचारू नका

कोर्टातले कागद माहिती अधिकारात मिळावेत की नाही, या प्रश्नावर बडोद्यातल्या माझ्या गोतावळ्यात सरळ दोन तट आहेत. एक तट म्हणतो, मामलेदार कचेरीला जो कायदा लागू आहे तो कोर्टाला का नको? दुसऱ्या तटात निवृत्त वकील आणि बँकवाले जास्त. त्यांचं म्हणणं असं की दफ्तर सगळ्यांना खुलं केलं तर भाऊबंद एकमेकांची प्रकरणं उकरत बसतील. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, घरांच्या मालकीहक्काची तपासणी करणाऱ्या कंपनीत काम करते आणि दिवसभर कोर्टाचेच कागद वाचते. मला वाटतं, दोन्ही तट चुकीच्या दारावर उभे आहेत. इथे अमेरिकेत तर माहितीचा कायदा कोर्टांना लागूच नाही. तरी कागद मिळतो.

वादाचं मूळ ४ मार्च २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे, आणि ते प्रकरण गुजरातमधलंच. गुजरात उच्च न्यायालयाच्या १९९३ च्या नियमांत १५१ वा नियम आहे. पक्षकाराने अर्ज केला आणि फी भरली की त्याला नक्कल मिळते. जो पक्षकार नाही, त्याने मात्र नक्कल कशासाठी हवी ते प्रतिज्ञापत्रावर सांगायचं आणि त्यावर हुकूम मिळवायचा. माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२) नेमकं याच्या उलट आहे: अर्जदाराला कारण विचारायचं नाही. दोन्हींत कशाचं ऐकायचं, असा तो प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नक्कल मिळवायची व्यवस्था नियमांत आहे, तेव्हा त्याच वाटेने या. माहिती अधिकाराची वाट इथे नाही.

त्या निकालावर चिडलेले लोक मला समजतात. पण कागद कुठल्या कायद्याखाली मागायचा, हे मला दुय्यम वाटतं. अमेरिकेत १९६६ पासून माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा आहे, आणि त्यातून फेडरल कोर्टं बाहेर आहेत. न्यू जर्सीचा राज्याचा कायदाही न्यायसंस्थेला लागू नाही. तिचे स्वतःचे नियम आहेत. फरक त्या नियमांच्या सुरुवातीलाच पडतो. कोर्टाचे कागद पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा सर्वसाधारण हक्क जनतेला आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफितींच्या प्रकरणात मान्य केलं. फिती मात्र दिल्या नाहीत, म्हणजे हा हक्क अमर्याद नाही. पण कागद खुला हे गृहीत, आणि झाकायचा असेल तर झाकणाऱ्याने कारण द्यायचं.

हे रोजच्या व्यवहारात कसं दिसतं ते सांगते. आमच्या मिडलसेक्स काउंटीचं कोर्ट न्यू ब्रन्सविकला आहे. अर्जात पक्षकारांची नावं, डॉकेट नंबर (म्हणजे दाव्याचा नंबर), कुठला कागद आणि साधी प्रत हवी की शिक्क्याची, एवढं लिहिलं की झालं. साध्या पानाला पाच सेंट. शिक्का हवा तर वेगळी फी. तुमचा त्या दाव्याशी संबंध काय, हे सांगण्याची अट नाही. मृत्युपत्र प्रोबेटला, म्हणजे ते खरं ठरवून घ्यायला, दाखल झालं की सरोगेट या अधिकाऱ्याच्या कचेरीतून कोणालाही त्याची प्रत मिळते. कोर्टाचा निवाडा राज्याच्या डॉकेटवर, म्हणजे नोंदवहीत, चढला की तो देणेकऱ्याच्या राज्यभरातल्या स्थावर मिळकतीवर बोजा होतो, म्हणून घर विकत घेणाऱ्यासाठी आम्ही विकणाऱ्याचं नाव त्या डॉकेटमध्ये शोधतो. एडिसनमध्ये एकाच नावाचे पटेल आणि शहा इतके, की निवाड्यातला इसम मी नव्हे असं प्रतिज्ञापत्र घर विकणाऱ्याला बऱ्याचदा करावं लागतं. प्रतिज्ञापत्र इथेही आहे, पण ते कागद वाचण्याच्या परवानगीसाठी नाही.

आता बडोद्याकडे येऊ. माझा मावसभाऊ दांडिया बाजारात जुनं घर घेत होता. वकिलाने वर्तमानपत्रात टायटल क्लिअरची जाहीर नोटीस दिली, कुणाची हरकत आली नाही. मी त्याला म्हटलं, ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर, बघ. राज्य, जिल्हा, कोर्ट संकुल निवडायचं, पक्षकाराच्या नावाची निदान तीन अक्षरं आणि वर्ष टाकायचं, चालू आणि निकाली दोन्ही बघायचं. इथे बडोद्यातल्या आपल्या मराठी लोकांची एक खास अडचण येते. कोर्टाच्या नोंदीत गुजराती पद्धतीने आडनाव आधी येऊ शकतं, सुधाकररावांचा सुधाकरभाई झालेला असतो, गायकवाड हे नाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. म्हणून पूर्ण नाव टाकू नये. आडनावाची पहिली चार अक्षरं टाकून एकेक वर्ष मागे जावं. तसं करताना घर विकणाऱ्याच्या काकांनी लावलेला वाटणीचा दावा सापडला. निकाली निघालेला, सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर (प्रत्येक प्रकरणाचा ओळखक्रमांक) समोर, पण हुकूमनामा काही तिथे चढवलेला नव्हता.

वाटणीत त्या घराचा कुठला हिस्सा कोणाकडे गेला, हे हुकूमनाम्याशिवाय कळणार नव्हतं. मावसभाऊ पक्षकार नाही, म्हणजे तिऱ्हाईत. त्याच्याकडे कारण होतं, प्रतिज्ञापत्र केलं असतं तर नक्कल मिळाली असती. पण वकिलाने विकणाऱ्याकडूनच ती मागवली, कारण तेच सोपं. म्हणजे ज्याच्या मालकीबद्दल शंका आहे त्याच्याच हातून पुरावा घ्यायचा. मला यात मोठा धोका दिसतो. विकणारा सज्जन होता म्हणून निभावलं. तो नसता तर घेणाऱ्याने काय करायचं? आणि ज्याच्यापाशी असं ठोस कारणच नाही, त्याचं काय? घरमालकाने याआधी किती भाडेकरूंवर दावे लावले हे पाहू इच्छिणारा भाडेकरू, शहराचा इतिहास लिहिणारा विद्यार्थी, पालिकेविरुद्धचे दावे वाचू पाहणारा नागरिक, यांना प्रतिज्ञापत्रावर लिहायला सहज पटेल असं काही नसतं. तो कागद उघड्या कोर्टात वाचला गेला, एवढं कारण पुरायला हवं.

आणि गुजरात याबाबतीत मागासलेलं मुळीच नाही, म्हणून तर जास्त वाटतं. ऑक्टोबर २०२० मध्ये कोर्टाचं कामकाज यूट्यूबवर थेट दाखवायला सुरुवात करणारं देशातलं पहिलं उच्च न्यायालय गुजरातचंच. मी एडिसनच्या स्वयंपाकघरात बसून अहमदाबादची सुनावणी ऐकू शकते. पण त्याच सुनावणीत वाचलेल्या अर्जाची नक्कल हवी असेल तर मला शपथेवर कारण द्यावं लागेल. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यातले २,००० कोटींहून अधिक कागदपत्रं स्कॅन करून जपण्यासाठी आहेत. स्कॅन झालेला कागदही जुन्याच नियमाने द्यायचा असेल तर सामान्य माणसाच्या पदरात काय पडलं?

जुन्या कामांचा प्रश्न तर याहून अवघड, आणि बडोदेकरांच्या घराघरांत अशी कामं आहेत. आजोबांचा दावा कुठे शोधायचा? बडोदे संस्थान १ मे १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. तोवरची अपिलं संस्थानच्या स्वतःच्या हायकोर्टात. मग अकरा वर्षं मुंबई हायकोर्ट. १ मे १९६० नंतर गुजरात. सूरसागरजवळच्या ज्या न्यायमंदिरात आपले आजोबा तारखांना जायचे, ती वास्तुविशारद चिझम यांनी बांधलेली १८९६ ची इमारत. तिथलं कोर्ट २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्याला गेलं. अशा कामात मी लोकांना सांगते, अपिलापासून सुरुवात करू नका. अपील संपलं की मूळ दाव्याची आर. अँड पी., म्हणजे त्याचं सगळं दफ्तर, खालच्या कोर्टात परत येते, म्हणून जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये दाव्याचा नंबर आणि वर्ष शोधा. घरातल्या ट्रंकेत एखादं समन्स किंवा वकिलाचं पत्र असेल तर त्यावर नंबर असतो. निकाली कामातले किरकोळ कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, निवाडा आणि हुकूमनामा जास्त टिकतो. तेव्हा अर्जात आधी हुकूमनामाच मागा.

दफ्तर खुलं करायला नको म्हणणाऱ्या तटाची भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. अमेरिकेत मी तिची दुसरी बाजू पाहिली आहे. घर खाली करण्याचा दावा नुसता दाखल झाला, पुढे मिटला, तरी भाडेकरूंची छाननी करणाऱ्या कंपन्या तो टिपून ठेवतात आणि पुढचा मालक घर नाकारतो. अटकेचे फोटो छापून ते काढायला पैसे मागणाऱ्या वेबसाइटही इथे निघाल्या. १९७० च्या पतअहवाल कायद्यामुळे अशा अहवालांत सात वर्षांपूर्वीचे दिवाणी दावे आणि अटका सहसा घालता येत नाहीत, पण गुन्हा सिद्ध झाला असेल तर मुदत नाही. भारतात २०१७ मध्ये एकाच महिन्यात दोन दिशांचे निकाल आले: निर्दोष सुटलेल्या माणसाची इंटरनेटवरून निकाल काढायची मागणी गुजरातने नाकारली, आणि कर्नाटकने एका महिलेचं नाव शोधात दिसू नये अशी काळजी घ्यायला सांगितली. मला कर्नाटकची वाट बरी वाटते. कागद राहू दे, नाव जपा.

म्हणून माझं म्हणणं असं. हुकूमनामा, निवाडा, दावाअर्ज, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) यांची नक्कल कोणालाही, कारण न विचारता, फी भरून द्यावी. घटस्फोट, मुलांचा ताबा, अल्पवयीनांची आणि लैंगिक अत्याचाराची प्रकरणं बंदच राहावीत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ ने विवाहाचं कामकाज आधीच बंद दाराआड ठेवलं आहे. आधार क्रमांक, बँक खातं, फोन, मुलांची नावं ही कागद दाखल करणाऱ्यानेच झाकून द्यावीत. इथल्या फेडरल कोर्टांचा तसा नियम आहे: जन्माचं फक्त वर्ष, खात्याचे फक्त शेवटचे चार आकडे. यासाठी संसदेत जायची गरज नाही, माहिती अधिकार कायद्याला हात लावायची गरज नाही. उच्च न्यायालयाने नियम केले, तेच ते बदलू शकतं. बडोद्याच्या वकील मंडळींनी माहिती अधिकारावर भांडण्याऐवजी १५१ व्या नियमातल्या कारणाच्या अटीवर बोलावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

नियम बदलेपर्यंत परदेशातल्यांनी आहे त्या वाटेने जावं. तुम्ही किंवा तुमचे वडील पक्षकार असाल तर तसं अर्जात स्पष्ट लिहा, वारस असाल तर नात्याचा पुरावा जोडा, आणि वकिलाला वकीलपत्राबरोबर सीएनआर किंवा दाव्याचा नंबर व वर्ष पाठवा. कुलमुखत्यारपत्र इथे केलं तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ई-कोर्ट्सवरून उतरवलेली प्रत वाचायला ठीक, पण बँकेत किंवा दुसऱ्या कोर्टात शिक्क्याचीच लागते. आणि नक्कल हातात आली की त्यावरच्या तारखा बघा: अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. अर्ज ते तयारी यांमधले दिवस मुदतीच्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अपिलाच्या मुदतीतून वगळतात, म्हणून अपील करायचं असेल तर निकालाच्या दुसऱ्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकायला सांगा.