श्री. नील कोपिते यांस

मंगळवारपासून बँकेच्या लेखी मी नील कोपिते आहे. तसा मोबाइलवर मेसेजही आलाय : ‘प्रिय नील, आपली माहिती अद्ययावत झाली आहे.’ माझं नाव नील नाही. आडनाव कोपिते तर नाहीच नाही. हा इसम तीन नंबरच्या काउंटरवर माझ्या डोळ्यांदेखत जन्माला आला आणि त्याच्या बारशाला किमान पंचवीस पेन्शनर हजर होते.

केवायसीची मुदत संपली म्हणून खातं गोठलं होतं, आणि ते वितळवायला मी नेमका नोव्हेंबरात गेलो. नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्यांचा महिना. निम्मं कोल्हापूर आपण अजून आहोत हे सांगायला रांगेत उभं असतं. माझं आधार झालं, पॅन झालं, फोटो झाला (“सर, हा तुमचाच ना?”). मग मॅडम म्हणाल्या, “ईमेल सांगा.”

वीस वर्षं मी या प्रश्नाला टरकून आहे. कागदावर लिहून देतो म्हटलं, तर म्हणाल्या, “सांगा हो, टाकतेच आहे मी.” सांगितलं. “कोपाईट, डॉट, थ्री, निल.”

“काय पाईप?”

“कोपाईट.”

“कॉपर पाईप?”

मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मी अक्षरं फोडायला घेतली. के कोल्हापूरचा, ओ ओरोसचा, पी पुण्याचा, आय इचलकरंजीचा, टी तासगावचा. शेवटच्या ई ला गाव सुचेना, घाईघाईत एरंडोल म्हणालो. मॅडमनी ऐकलं ‘ए’ आणि दाबला ए.

“कोपिता. मिसेसचा ईमेल आहे का?”

“नाही हो. ए नाही, ई. ई ईमेलचा.”

“कोपिते! मग आडनाव आहे म्हणून सरळ सांगायचं ना. पुढं?”

“टिंब. तीनचा आकडा. एन, आय, एल.”

“नील,” मॅडम समाधानानं म्हणाल्या. “नील कोपिते.” आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या.

इथवर ठीक होतं. अशा वेळी माणसानं मान डोलवावी आणि सुटावं. पण माझ्या मागे जे गृहस्थ उभे होते, त्यांना ते पटलं नाही. पंचाहत्तरीचे असतील. ऐन दुपारी अंगात चॉकलेटी हाफ स्वेटर, हातात नायलॉनची पिशवी, पिशवीत रबर लावलेली चार पासबुकं. त्यांनी काउंटरवर कोपर टेकलं. ते असं टेकलं की बँक त्यांच्या वडिलांनी बांधली असावी.

“पाव्हणं, कोपिते म्हंजे कोपार्ड्याचे का?”

“नाही काका.”

“मग कोपरगावचे?”

“आडनाव नाही ते, काका.”

“मग काय हाय?”

आणि मी खरं सांगायला लागलो. ही माझी चूक. फुटबॉलचं वेड असलेल्या माणसाला त्याच्या नावाचा अर्थ कधी विचारू नये, आणि विचारलाच तर त्यानं सांगू नये. मी म्हटलं, इंग्लंडात लिव्हरपूल म्हणून गाव आहे, तिथं ॲनफिल्ड नावाचं मैदान आहे, त्या मैदानात एका गोलपोस्टमागे १९०६ सालापासून गॅलरी आहे, तिला कॉप म्हणतात, आणि त्या गॅलरीत बसणारा, लिव्हरपूल संघाचा पाठीराखा तो कोपाईट.

“तुमी बसलायसा तिथं?”

“नाही.”

“इंग्लंडला गेलायसा?”

“नाही अजून.”

“मग?”

या ‘मग’ला माझ्याकडे काही नव्हतं. रांगेतल्या दोघांनी चष्मे नीट केले.

“बरं, कॉप म्हंजे काय पण?”

“टेकडी. स्पिऑन कॉप. दक्षिण आफ्रिकेत आहे. १९०० सालच्या जानेवारीत बोअर युद्धात तिथं मोठी लढाई झाली. लिव्हरपूलकडचे बरेच सैनिक गेले त्यात. गॅलरीचा चढ तसाच उभा, म्हणून तिला त्या टेकडीचं नाव दिलं.” आता इतकं झालंच आहे तर हुकमाचं पान टाकावं म्हणून मी टाकलं, “महात्मा गांधी होते त्या लढाईत.”

मॅडमचे हात की-बोर्डवर थांबले.

“गांधीजी लिव्हरपूलकडनं?”

“नाही नाही. जखमींना स्ट्रेचरवरून वाहून न्यायला भारतीयांचं एक पथक होतं, त्यात.”

काकांनी हे सगळं मनात एकदा रचून बघितलं. मग रांगेकडे वळून, वार्षिक सभेत ठराव वाचावा तशा आवाजात म्हणाले, “म्हंजे डोंगर आफ्रिकेत, मैदान इंग्लंडात, स्ट्रेचर गांधीजींचं. आणि तुमी कुठलं?”

“सांगलीचा.”

“सांगलीचा!”

कोल्हापूरचा माणूस ‘सांगलीचा’ हा शब्द कसा म्हणतो ते ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको. मी पंधरा वर्षं इथं राहतोय, इथं टॅक्स भरतोय, तांबडा-पांढरा रोज नसला तरी आठवड्याला एकदा पितोय. पण त्या एका शब्दात पंचगंगेच्या पलीकडे नेऊन सोडलं मला.

मग त्यांनी मला नाव कसं असावं ते शिकवलं. “आमची पाटाकडील तालीम. का? तर पाटाकडं हाय म्हणून. झालं. इचारायची गरज पडली कुणाला?” गरज खरंच नाही. हे कोल्हापूरचं मला मान्यच आहे. तालमी बांधल्या कुस्तीसाठी, आणि त्याच तालमींचे संघ आता शाहू स्टेडियममध्ये फुटबॉल खेळतात : पाटाकडील (म्हणजेच पीटीएम), खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. लाल मातीवरून हिरवळीवर आले तरी नावं तीच राहिली. २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा आपल्या संघात इथलाच अनिकेत जाधव होता. या गावात फुटबॉल टीव्हीवरून आलेला नाही. आम्ही मात्र टीव्हीवरून आलेले. आम्हाला ना पाट, ना पेठ. म्हणून आम्ही नावं घेतली ती दुसऱ्याच्या गल्लीतली.

इतक्यात सर्व्हर गेला. मॅडमनी दोन्ही हात वर केले आणि डबा उघडावा की नाही या विचारात पडल्या. वेळ होताच, म्हणून मी मनातल्या मनात माझ्यासारख्या इतर हुतात्म्यांची उजळणी केली.

माझा एक मित्र आर्सेनलचा. आर्सेनलचे पाठीराखे स्वतःला गूनर म्हणवतात. त्यांचा संघ लीगमध्ये सलग ४९ सामने हरला नव्हता, ऑक्टोबर २००४ मध्ये मँचेस्टरला हरला तेव्हा कुठं ती माळ तुटली. मित्रानं अभिमानानं नाव घेतलं ‘गूनर ४९’, आणि पुढे आळसापोटी लग्नाच्या साइटवरही तेच टाकलं. एका मुलीच्या वडिलांनी फोन करून शांतपणे दोन शंका विचारल्या. एक, गुन्हा कसला होता? दोन, एकोणपन्नास म्हणजे वय का? मँचेस्टर युनायटेडवाला दुसरा एक, त्याच्या नावात ९९. १९९९ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्नविरुद्ध नव्वद मिनिटं संपल्यावर दोन गोल मारून कप नेला, ते ९९. त्याची आत्या अजून हळहळते, “एका मार्कानं शंभर हुकले रे तुझे.” तिसरा इचलकरंजीचा. चेल्सीचा जॉन टेरी, जर्सी नंबर २६, म्हणून हा ‘टेरी २६’. गाव मागांचं. त्याला वर्षाला तीन-चार जण तरी विचारतात, टेरीकॉट काय भावानं देता, आणि २६ हा मीटरचा दर असेल तर फारच स्वस्त आहे.

हसायला ठीक आहे हो. पण मला कधी कधी मनापासून राग येतो. स्वतःच्या नाव-आडनावाचा ईमेल असलेले जे लोक आहेत, ते काही फार मोठे तपस्वी नाहीत, ते फक्त लवकर पोचले. २००५ साली जीमेल आमंत्रणाशिवाय मिळत नव्हतं. मला आमंत्रण मिळेपर्यंत माझं नाव, माझं आडनाव, दोन्ही उलटसुलट करून, मध्ये टिंब देऊन, सगळं संपलं होतं. नेट कॅफेतली घड्याळाची टिकटिक, मागे नंबर लावून उभा असलेला पोरगा, आणि वय एकोणीस. त्या वयात माणूस जे टाइप करतो ते पुढे पीएफला, विम्याला, पोरीच्या शाळेच्या फॉर्मला, सगळीकडे चिकटतं. आणि मग काउंटरपलीकडची तुमच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान मुलगी सांगते, “सर, जरा प्रोफेशनल ठेवायचं ना.” (हेही झालं. सर्व्हर परत आल्यावर लगेच.)

“बरं कोपिते,” काका म्हणाले, “ते झालं. आता नील कोण?”

“नील नाही, निल. शून्य. थ्री-निल. तीन-शून्य.”

“तीन-शून्यनं जिंकला व्हय तुमी?”

“हरत होतो.”

“हरल्याचं नाव घेतलंसा?”

आता याची एक अधिकृत कथा आहे. वीस वर्षं मी ती जशीच्या तशी सांगत आलोय, लग्नात सांगितली, इंटरव्ह्यूत सांगितली, तीच सांगितली. २००५ ची चॅम्पियन्स लीगची फायनल, इस्तंबूलला. आपल्याकडे २६ मेच्या रात्री सव्वाबाराला सुरू झाली. आमच्या लिव्हरपूलसमोर मिलान. पहिल्याच मिनिटाला माल्दिनीनं गोल केला, मग क्रेस्पोनं दोन. मध्यंतराला तीन-शून्य. आणि नेमके तेव्हा सांगलीत लाइट गेले. भारनियमन! ते दिवसच तसे होते. इकडे मी अंधारात पंखा वारत बसलोय आणि तिकडे जेरार्ड, श्मित्सर, अलोन्सो, सहा मिनिटांत तीन गोल, तीन-तीन! मग पेनल्टी, दुदेकनं शेवचेन्कोची अडवली, कप आमचा. जगातला सगळ्यात थोर सामना, आणि मी पाहिला तो फक्त तीन-शून्यपर्यंत. त्या दैवदुर्विलासाची आठवण म्हणून हे नाव.

ही कथा ऐकून आजवर प्रत्येकानं ‘अरेरे’ म्हटलंय. रांगेनंही म्हटलं. मॅडमसुद्धा ‘च्च’ म्हणाल्या.

काका फक्त म्हणाले, “सांगलीत कुठं?”

“विश्रामबाग.”

“दोन हजार पाच. मे.”

“हो.”

“मी बोर्डात वायरमन हुतो. त्याच्या पुढच्या महिन्यात बोर्ड फोडून कंपन्या केल्या. तवा मी विश्रामबागलाच हुतो, नाईटला.” त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “तुमच्याकडं लाइट जायाची सकाळी. रात्री एकला जात नव्हती.”

“फॉल्ट असेल एखादा.”

“फॉल्ट असता तर मीच आलो असतो न्हवं?”

पंचवीस माणसं. त्यांतला एकही आता स्वतःच्या पासबुकाकडे बघत नव्हता.

लाइट गेले नव्हते. तिसरा गोल झाला आणि मी उठून टीव्हीचं बटण दाबलं. शेजारी बाबा जागे होते, त्यांना फुटबॉलमधलं ऑफसाइड आजतागायत कळलेलं नाही. ते म्हणाले, “अरे, अजून अर्धा खेळ आहे ना?” मी म्हटलं, “बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही,” आणि झोपलो. छान झोप लागली. सकाळी मित्राचा फोन आला आणि त्याला पहिलं वाक्य मी बोललो ते, “अरे, आमच्याकडे लाइट गेले होते.” पुढच्या आठवड्यात ईमेल काढला. जो जागा राहिला, तो छातीवर तीन-तीन मिरवतो. मला खोटं एवढंच मिरवता येत होतं.

हे सगळं मी काउंटरवर बोललो नाही. फक्त म्हणालो, “मीच बंद केला टीव्ही.”

काका हसले नाहीत, हे त्यातल्या त्यात. हसते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा, आणि मला जरा बाजूला सरकवून स्वतः पुढे झाले. मॅडमनी त्यांचा हयातीचा दाखला घेतला, अंगठा लावून घेतला. “ईमेल आहे का काका?”

“नातवानं काढून दिलाय. पीटीएम वायरमन.”

स्पेलिंग विचारलं नाही. पीटीएम म्हणजे काय, हे विचारलं नाही. मिसेसचं नाव का, हेही विचारलं नाही. टक टक टक, एंटर. “आम्ही खंडोबाचे आहोत काका,” मॅडम म्हणाल्या, “तरी टाकलं हं.” दोघं हसली. मिनिटसुद्धा लागलं नाही.

मी म्हटलं, मॅडम, माझं ते नावाच्या रकान्यात गेलंय, तेवढं दुरुस्त करता का? त्या म्हणाल्या, सबमिट झालं सर, आता दुरुस्तीचा फॉर्म भरून द्या, सोबत नाव बदलल्याचं गॅझेट जोडा. मी विचारलं, माझं नाव बदललेलंच नाही, तर गॅझेट कसलं? त्या म्हणाल्या, तसं अर्जात लिहा.

काका पासबुकांना परत रबर लावत दारापर्यंत गेले आणि तिथून वळून मोठ्यानं म्हणाले, “येतो कोपिते. रात्री लाइट गेली तर सांगा, येऊन बघतो.”