ईस्टरचा धडा सभागृहात कशाला?

आज सकाळी वसईतील आमच्या एका व्हॉट्सॲप गटावर जाहिरात आली आणि तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात मुलांसाठी ‘ईस्टर निसर्ग शिबिर’ भरणार असून स्थळ वातानुकूलित सभागृह आहे, साहित्यात प्लास्टिकची अंडी, कापडी ससे आणि कागदी डॅफोडिल आहेत, आणि शुल्क एवढे आहे की त्यात वाडीभर केळी लावता येतील.

ख्रिस्तसभेने ईस्टरची, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाची, तारीख सूर्य आणि चंद्र पाहून बांधली. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही, आपल्याकडे बहुधा चैत्राच्या आसपास. पिंपळाला तांबूस पालवी, आंब्याला कैऱ्या आणि करवंदीच्या जाळीत हिरवी फळे असताना हा सण येतो, आणि आपण मुलांना युरोपातील वसंत कागदावर कापून दाखवणार!

गेल्या वर्षी पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवशी, सकाळी माझे वडील माझ्या मुलीला घेऊन वाडीत गेले. शेवग्याची एक वाळलेली फांदी तोडायची, एवढेच काम होते. तिथे तांबट पक्ष्याची जोडी त्या फांदीला आळीपाळीने चोचीने भोक पाडत होती. वडिलांनी कोयता खाली ठेवला आणि नातीला शेजारी बसवून घेतले. बऱ्याच वेळाने तिने विचारले, “आजोबा, मेलेल्या फांदीतच घर का?” ते म्हणाले, “जिवंत लाकूड त्याला कोरता येत नाही.” धर्मशिक्षणाच्या वर्गात तिने असा प्रश्न कधी विचारल्याचे मला आठवत नाही.

त्याच रात्री जागरणविधीत, चर्चच्या अंगणातील अंधारात, नव्या अग्नीवर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती पेटली. त्या मेणबत्तीच्या स्तुतिगानात मधमाश्यांच्या कष्टांचा उल्लेख आहे. पण मोहोरावर मधमाशी कधी पाहिलीच नसेल, तर मुलाला त्याचे काय? येशूची कबरही बागेत होती, आणि रडणाऱ्या मरिया माग्दालेनाला पुनरुत्थित प्रभू आधी माळीच वाटला. पिढ्यानपिढ्या वाड्या शिंपणाऱ्या आपल्या समाजाला याहून जवळचा प्रसंग कोणता असेल? वडिलांनी तो तिला फांदीखाली बसूनच सांगितला होता, म्हणून त्या रात्री ती झोपी गेली नाही.

मान्य आहे, सगळ्यांकडे वाडी उरलेली नाही, दोघेही नोकरीला जातात आणि एप्रिलचे ऊन मुलांना सोसत नाही. पण वाड्या विकल्या कोणी आणि बावखले, म्हणजे वाड्यांना पाणी देणारी तळी, मातीने बुजवली कोणी, याचे उत्तर आपल्याच घराघरांत आहे. वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर दिब्रिटो यांच्या, वसईची हिरवाई वाचवणाऱ्या ‘हरित वसई’ आंदोलनाच्या आठवणी सांगताना आपला ऊर भरून येतो, आणि त्याच हाताने आपण मुलांना बंद खोलीत नेऊन सोडतो.

जाहिरात करणाऱ्या तरुणांवरचा माझा राग लिहिता लिहिता थोडा निवळला आहे. मुलांना काहीतरी द्यावे असे त्यांना वाटले, हेही कमी नाही. उलट, ज्या घरांत आजी-आजोबा रिकामे बसून आहेत आणि त्यांना झाडाझाडाचे नाव ठाऊक आहे, त्या घरांतील आईवडिलांनी पैसे भरून मुलांना दुसरीकडे पाठवावे, याचे मला अधिक वाईट वाटते. फांदी तोडायची राहिली म्हणून माझे वडील आजही कुरकुरतात, पण कोयता घेऊन तिकडे फिरकलेले नाहीत.

तेव्हा यंदा पवित्र शनिवारी सकाळी साडेसहाला आमची वाडी सर्वांसाठी उघडी आहे. मुलांना एकटे पाठवू नका, सोबत स्वतः या, आणि टोपी व पाणी घेऊन या. शुल्क नाही. मात्र आठनंतर येणाऱ्यांना ऊन आणि माझे वडील, दोन्ही सोसावे लागतील.