कॅल्शियमच्या 3 डब्यांवरून मिळालेल्या 1 स्टारला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढल्यावर वाचला. लगेच उत्तर लिहिलं नाही कारण वाईट वाटलं होतं आणि त्या भरात नको ते लिहून गेले असते. तुम्ही लिहिलंय की आईसाठी 3 चिठ्ठ्यांवरचं कॅल्शियम मागितलं तर मॅडमनी 10 प्रश्न विचारले, एकच डबा दिला, तोही 500 ऐवजी 1250 चा, डी3 व्हिटॅमिनची 60 हजार युनिटची सॅशे मागितली तर नाही म्हणाल्या, सगळ्यांसमोर बोलल्या, स्वतःला डॉक्टर समजतात, आणि शेवटी पुढच्या मेडिकलला 2 मिनिटात सगळं मिळालं.

सगळ्यांसमोर बोलले हे खरंय आणि त्याबद्दल मनापासून माफी मागते. संध्याकाळी 7 नंतर मिरजेत ओपीडी सुटतात, काउंटरवर पाय ठेवायला जागा नसते, पण म्हणून आईंना काय काय चालू आहे हे चार लोकांत मोठ्याने विचारायचं नसतं. बाजूला बोलवायला पाहिजे होतं, चुकलं माझं. म्हणून इथेसुद्धा तुम्ही स्वतः रिव्ह्यूत लिहिलेल्या गोळ्यांबद्दलच बोलते, थायरॉईड, गॅस आणि बीपी, बाकी काही नाही.

आता 1250 चं. ह्याच्यावरून दर आठवड्याला कोणीतरी डबा परत घेऊन येतं त्यामुळे तुमचा राग मला कळतो. कॅल्शियम गोळीत एकटं नसतंच, ते कशाला तरी जोडलेलं असतं. कार्बोनेट असेल तर त्यात 40 टक्के कॅल्शियम, म्हणजे 1250 मिलिग्रॅम कार्बोनेटमध्ये बरोबर 500 मिलिग्रॅम कॅल्शियम. पुढे नावाशेजारी मोठ्या अक्षरात 500 आणि मागे बारीक अक्षरात 1250 छापलेलं असतं, गोळी तीच. शेंगांचं पोतं वजन केलं तर टरफलासकट आकडा येतो, दाणे किती ते वेगळं, तसं आहे हे. डॉक्टरांनी 500 लिहिलं होतं, मी 500 चीच दिली. उलट सायट्रेटमध्ये साधारण 21 टक्केच कॅल्शियम असतं, म्हणजे 1000 सायट्रेट लिहिलेल्या गोळीत 210 च्या आसपास, आणि लोक 1000 बघून तीच जास्त पॉवरची समजतात.

एकच डबा का दिला. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या, कंपन्यांची नावं तीन, म्हणून तुम्हाला ती तीन वेगळी औषधं वाटली, आणि वाटणारच, नावावरून कोणाला काय कळणार. पण आतला माल एकच, कॅल्शियम कार्बोनेट आणि डी3. हाडाच्या डॉक्टरांना माहीत नाही की दुसऱ्या डॉक्टरांनी आधीच लिहिलंय, दुसऱ्यांना तिसऱ्यांचं माहीत नाही, तिन्ही चिठ्ठ्या एकत्र बघणारी पहिली व्यक्ती म्हणजे काउंटरवरची मी. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला साधारण 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, तेही जेवणातलं धरून. दूध, दही, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी ह्यातनं बरंच येतं, नुसत्या 100 ग्रॅम नाचणीत 350 च्या आसपास असतं. पन्नाशीनंतर सगळं मिळून 2000 च्या वर जाऊ नये असं धरतात. तिन्ही चिठ्ठ्यांच्या गोळ्या आणि जेवण मिळून ते त्याच्या वर जात होतं. शिवाय शरीर एका वेळेला 500 च्या आसपासच नीट घेतं, त्यामुळे एकदम दोन-तीन खाऊन फायदा नाही, बद्धकोष्ठ मात्र होतं. मी तुम्हाला विकायला नकार दिला नव्हता, एक डबा चालू करा आणि तिन्ही चिठ्ठ्या एका डॉक्टरांना दाखवून या म्हणाले होते, पण गर्दीत ते अर्धवटच तुमच्यापर्यंत पोचलं असणार.

प्रश्न विचारले ते ह्यासाठी. तुम्ही लिहिलंय की आई सकाळी उठल्यावर थायरॉईडची, गॅसची, बीपीची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच घेतात, एकदा घेतलं की विसरायला नको म्हणून. दादा, हेच नको आहे. कॅल्शियम पोटात थायरॉईडच्या गोळीला धरून बसतं आणि ती रक्तात नीट जातच नाही, मग टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्त तपासणीतला आकडा, वाढलेला येतो, डॉक्टर डोस वाढवतात आणि मूळ कारण तसंच राहतं. दोघांत 4 तासांचं अंतर पाहिजे. गॅसच्या गोळीचं असं की कार्बोनेट विरघळायला पोटातलं अ‍ॅसिड लागतं आणि ती गोळी नेमकं अ‍ॅसिडच कमी करते. म्हणून कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, आणि गॅसची गोळी कायमची असेल तर सायट्रेट चालेल का हे डॉक्टरांना विचारायचं, ते जेवणाशिवायही चालतं. ते मी माझ्या मनाने बदलून दिलं नाही, चिठ्ठीवर लिहिलेलं बदलायचा अधिकार मला नाही. मला डॉक्टर व्हायचं नाहीये. पण कुठली गोळी कशाबरोबर घेऊ नये हे सांगणं फार्मासिस्टचंच काम आहे, आणि ते मी 19 वर्षं करतेय.

बीपीच्या गोळीबद्दल, कारण तुम्ही लिहिलंय की ती कॅल्शियम ब्लॉकर असल्यामुळे हाडातलं कॅल्शियम कमी होतं असं ओळखीच्या कोणीतरी सांगितलं. असं काही नाही. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्या रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंत कॅल्शियम शिरायची वाट अडवतात, त्यामुळे नळी सैल पडते आणि प्रेशर उतरतं, हाडांशी त्याचा संबंध नाही. कृपा करून ह्या कारणाने आईंची बीपीची गोळी बंद करू नका.

आणि सॅशे. इथे मी जरा जास्त बोलणार आहे. 60 हजारची डी3 ही बहुतेक वेळा आठवड्याला एक, साधारण 8 आठवडे, असा कोर्स असतो. तुम्हीच लिहिलंय की आईंचा 8 चा कोर्स झाला होता आणि आता अशक्तपणा वाटतो म्हणून अजून हवी होती. बी-कॉम्प्लेक्स जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं, डी3 तसं जात नाही, चरबीत साठून राहतं. काही वर्षांपूर्वी आमच्या काउंटरवरून एक काका ह्याच सॅशे न्यायचे, बायकोसाठी. चिठ्ठीवर आठवड्याला एक होतं, घरी ती रोज एक दुधातून दिली जात होती. दुकानातला मुलगा द्यायचा, मी बिल करायचे, आणि डबे इतक्या लवकर कसे संपतायत हे माझ्या लक्षातच आलं नाही. दीड महिन्यात काकूंना उलट्या, पोट साफ नाही, सारखी तहान, सारखी लघवी, शेवटी घरच्यांना ओळखेनात, अ‍ॅडमिट करावं लागलं तेव्हा रक्तातलं कॅल्शियम खूप वाढलेलं होतं आणि किडनीला त्रास झालेला. त्या वाचल्या, आजही येतात दुकानात. पण ते बिल माझ्या हातचं होतं. तेव्हापासून आधीची केव्हा संपली, कितीव्या दिवशी घेतली हे विचारल्याशिवाय आणि नवीन चिठ्ठी बघितल्याशिवाय मी 60 हजार देत नाही, मग 1 स्टार मिळाला तरी चालेल.

गरोदर मुलींनाही मी असंच थांबवते, कारण सरकारी दवाखान्यातून त्यांना 14 व्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या 500 च्या रोज 2 गोळ्या मिळतात आणि लोहाची वेगळी, आणि त्या दोन्ही एकदम गिळतात, मग लोह नीट लागत नाही. त्यात मध्ये 2 तास तरी पाहिजेत. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं, मागच्या माणसाला थांबावं लागतं, हे मला मान्य आहे.

तुमच्यामुळे एक गोष्ट मात्र आजपासून बदलली. असे प्रश्न आता काउंटरवर विचारणार नाही, आतल्या बाजूला एक खुर्ची ठेवलीय, तिथे बसवून विचारणार, आणि कुठली गोळी कधी घ्यायची हे डब्यावर पेनने लिहून देणार. हे आधीच करायला पाहिजे होतं.

आईंच्या तिन्ही चिठ्ठ्या आणि पुढच्या मेडिकलमधून आणलेलं सगळं घेऊन दुपारी 2 ते 4 मध्ये या, तेव्हा गर्दी नसते, काही विकत घ्यायची गरज नाही. डॉक्टरांना काय विचारायचं ते कागदावर काढून देते. तोपर्यंत एवढंच करा, सकाळी उपाशीपोटी फक्त थायरॉईडची, कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर एकच, बीपीची आणि गॅसची डॉक्टरांनी सांगितलीय तशी. आणि ती सॅशे डॉक्टरांना विचारेपर्यंत फोडू नका, एखादी फोडली असेल तर कुठल्या वारी दिली ते डब्यावर लिहून ठेवा.