प्रश्न शिस्तीचा नव्हता, भाड्याचा होता

नव्या विषाणूची बातमी आली की आमच्या पुण्यातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच वाद पुन्हा पेटतो. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर दुकानं उघडली तेव्हा गर्दी झाली, मास्क हनुवटीवर आले, त्याचं खापर पुणेकरांच्या बेशिस्तीवर फोडलं जातं आणि मग मला उद्देशून, ‘तुमच्या जर्मनीत बघा.’ मी तेव्हाही श्टुटगार्टला होते, आजही आहे, आणि हे मला पटत नाही. निर्बंधांना विरोध करणारी ‘क्वेर्डेंकन’ चळवळ २०२०मध्ये याच शहरात सुरू झाली. शिस्तीचे गोडवे गावेत असं इथे फार काही नव्हतं. दुकान बंद असताना त्याचं भाडं आणि माणसांचे पगार कुठून येतात, खरा फरक तिथे होता.

इथे २०२०च्या वसंतात पाच माणसांपर्यंतच्या व्यवसायाला तीन महिन्यांसाठी ९,००० युरोंपर्यंत अनुदान मिळत होतं. काम थांबलेल्या कामगाराला ‘कुर्त्सआर्बाइट’ या सरकारी योजनेखाली बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के रक्कम मिळे, मुलं असतील तर ६७ टक्के. पुढे अनेकांकडून अनुदान परत मागितलं गेलं, प्रकरणं कोर्टात गेली, तेव्हा सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. पण मे महिन्यात रेस्टॉरंटं उघडली तेव्हा निम्मी टेबलं उचलून ठेवणं मालकाला झेपलं, आणि आमच्या गल्लीतल्या इटालियन खानावळीत वाढायला जुनीच माणसं दिसली.

आता पुणं. देशभरची टाळेबंदी लागली ती २५ मार्च २०२०ला, नेमक्या गुढीपाडव्याला. माझ्या मामेभावाचं लक्ष्मी रोडच्या आसपास साड्यांचं आणि तयार कपड्यांचं दुकान आहे. पाडवा आणि लग्नसराईसाठी माल उधारीवर भरून ठेवलेला होता. जूनमध्ये राज्य सरकारच्या ‘मिशन बिगिन अगेन’खाली दुकानं उघडली, ती सम-विषम तारखांनी, एका दिवशी रस्त्याची एक बाजू. मी फोन केला की कधीकधी तो म्हणायचा, ‘ताई, आज आपली बाजू नाही.’ ट्रायल रूम बंद, घेतलेला माल बदलून देणंही बंद. साडी खांद्यावर टाकून आरशात बघितल्याशिवाय ती घेणार कोण? त्यानं पांढरी गादी गुंडाळून ठेवली आणि व्हिडिओ कॉलवर पदर, काठ, आतली बाजू उलगडून दाखवायला लागला. जुन्या गिऱ्हाइकांनी तशाही साड्या घेतल्या, काहींनी पैसे आधी पाठवले. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यावर भाडं निघत नव्हतं. मग जुलैत पुन्हा दहा दिवसांची टाळेबंदी आली. घोषणा १० तारखेला आणि अंमल १३ च्या मध्यरात्रीपासून, पहिले पाच दिवस किराणाही बंद. मधल्या दोन-तीन दिवसांत मंडईत आणि दुकानांत झुंबड उडाली, तिला बेशिस्त म्हणणं अन्यायाचं आहे. घरात पीठमीठ भरायला माणसं बाहेर पडली होती.

पुढच्या वर्षीचा पाडवाही गेला. आणि ऑगस्ट २०२१मध्ये दुपारी चारला दुकानं बंद करण्याच्या नियमाविरुद्ध पुण्यातले व्यापारी रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांना स्वार्थी म्हणणारे बरेच होते. माझ्या मते व्यापाऱ्यांचा राग रास्त होता. कारण त्यांना दीड वर्षात मिळालं ते बहुतांशी कर्ज. हप्ते सहा महिने पुढे ढकलले, व्याज चालूच. पथारीवाल्यांना स्वनिधी योजनेतून १०,००० रुपये, तेही कर्जाऊ. मोफत धान्यानं लाखो घरं तगली, ते काम मोठंच. जर्मनीएवढा पैसा आपल्याकडे नाही, हेही मला मान्य आहे.

पण सगळ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. मंगल कार्यालयांचंच बघा. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली आणि ॲडव्हान्सवरून घरोघर वाद झाले. मुलीकडच्यांचे पैसे अडकलेले, मालकानं ते आधीच मांडववाल्याला आणि आचाऱ्याला दिलेले. ज्याची ओळख मोठी त्याचे पैसे सुटले. इथे रद्द झालेल्या कार्यक्रमांच्या तिकिटांसाठी मे २०२०मध्ये कायदाच झाला: आयोजकाला पैशांऐवजी व्हाउचर देता येईल, २०२१ संपेपर्यंत ते वापरलं गेलं नाही तर पैसे परत, आणि ग्राहक अडचणीत असेल तर लगेच परत. आयोजकाला श्वास घ्यायला वेळ मिळाला, ग्राहकाचा हक्कही बुडाला नाही. यासाठी तिजोरीतून काही द्यावं लागलं नव्हतं.

महापालिका, राज्य सरकार आणि व्यापारी संघटनांनी ॲडव्हान्सबाबत असा नियम आत्ता, बाजार भरलेला असताना ठरवावा. त्यातच बंद काळातला मिळकतकर आणि विजेचा स्थिर आकार माफ होईल हे लिहून टाकावं, आणि टाळेबंदीआधी दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला किमान किती दिवसांची सूचना मिळेल तेही.